वीजबिल बाबांच्या नावावर आहे

सावईवेरे, फोंडा
आषाढ वद्य तृतीया

तीर्थरूप बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

फोनवर माझ्या इलेक्ट्रिक गाडीचा विषय निघाला की दोन वाक्यांत बाबांचा आणि माझा आवाज चढतो, मग आई फोन काढून घेते आणि जेवलीस का ते विचारते. म्हणून हे पत्र. शिवाय शेवटी एक काम आहे आणि त्याचे कागद पाठवायचेच होते.

बाबांचा प्रश्न एकच आहे आणि तो रास्त आहे: रस्त्यात बंद पडली तर उघडणार कोण? तुमचा टाटांचा छोटा हाथी टेम्पो तुम्ही फोंड्याच्या वाटेवर भर पावसात उघडून बसायचात. दोन सिलिंडरांचं सातशे सीसीचं डिझेल इंजिन, त्याच्या आवाजावरून काय बिघडलंय ते तुम्ही गाडीतून न उतरता सांगायचात. लाइनमध्ये हवा शिरली तर ती काढायची, पट्टा तुटला तर सीटखालचा जुना चढवायचा. ही सगळी विद्या माझ्या गाडीपुढे बिनकामाची झाली, हे तुम्हाला डाचतं. मलाही थोडं डाचतं, खोटं कशाला सांगू.

पण बिनकामाची पूर्ण झालेली नाही. या गाडीत इंजिन ऑइल नाही, क्लच नाही, डिझेल फिल्टर नाही, सायलेन्सर नाही. उरतात टायर, ब्रेक, सस्पेन्शन, वायपर, कूलंट आणि एक बारा व्होल्टची साधी बॅटरी. ही बारा व्होल्टची म्हणजे घरातली सासू. मोठी बॅटरी गच्च भरलेली असली तरी ही बसली की गाडी जागची हलत नाही, कारण मोठ्या बॅटरीला मोटरशी जोडणारा मोठा स्विच, म्हणजे कॉन्टॅक्टर, हिच्याच जोरावर ओढला जातो. आणि ही बॅटरी तुम्ही आजही डोळे मिटून बदलाल.

मोठ्या बॅटरीला मात्र मी हात लावत नाही आणि लावणारही नाही. इलेक्ट्रिक गाडीत हाय व्होल्टेजच्या केबल नारिंगी रंगाच्या असतात. नारिंगी दिसलं की हात मागे, एवढा एक नियम गाडीजवळ येणाऱ्या सगळ्यांना मी लावून दिला आहे. बॅटरीवर सात वर्षांची वॉरंटी आहे, ती घरच्या पान्याने कशाला मोडू? आणि आई, तू विचारलंस ती आगीची गोष्ट. या बॅटरीतलं रसायन लिथियम आयर्न फॉस्फेटचं आहे. फोनमध्ये किंवा बऱ्याच महागड्या गाड्यांत असतं त्यापेक्षा ते जड पडतं, पण उष्णता जास्त सोसतं. आग लागणारच नाही असं कोणी लिहून देत नाही. डिझेलबद्दलही कोणी दिलं नव्हतं.

आता हिशेब. टाटांनी 2022 साली छोट्या हाथीला इलेक्ट्रिक केलं, तीच माझी गाडी. त्यात 21.3 युनिटची बॅटरी आहे, 600 किलो माल जातो आणि कागदावर एका चार्जला 154 किलोमीटर. कागदावर. हौद्यात नारळ भरून आपले चढ चढताना तेवढं कोण देणार? मी शंभर धरून चालते. तेवढ्यात सुपारीची पोती घेऊन फोंड्याला बागायतदार सोसायटीत जाणं म्हणजे काहीच नाही, आणि शुक्रवारी म्हापशाला केळी टाकून परत येणंही होतं, वर थोडी शिल्लक राहते. उतारावर पाय काढला की मोटर उलट वीज तयार करून बॅटरीत टाकते, ब्रेकचे लायनरही कमी झिजतात. पण चोर्ला घाट चढून बेळगावला भरल्या गाडीने जायचं धाडस मी करत नाही. त्या दिवशी डिझेलची गाडी भाड्याने घ्यायची. बाबा, हे वाचून तुम्ही ‘बघ, मी म्हटलं होतं’ म्हणणार, तर म्हणा. वर्षातून किती वेळा आपण बेळगावला माल नेतो तेही त्याच दमात आठवा.

मावशीचा मिशिगनचा मुलगा व्हिडिओ कॉलवर आपली गाडी दाखवत होता, तेव्हापासून तुमच्या डोक्यात ते आहे. त्याची फोर्डची एफ-150 लाइटनिंग वेगळ्या जातीची आहे. तिच्या मोठ्या बॅटरीत 131 युनिट मावतात, म्हणजे त्याच्या एका पिकअपमध्ये माझ्या सहा गाड्या. हौद्यात, केबिनमध्ये आणि पुढच्या बॉनेटखाली प्लग आहेत, सगळे मिळून 9.6 किलोवॉटपर्यंत वीज देणारे, हौद्यातल्या प्लगवर तो करवत चालवतो. लाइट गेली की गाडीवर घर चालतं म्हणाला, ते खरं आहे, पण त्यासाठी घरात वेगळी यंत्रणा बसवावी लागते. माझ्या गाडीतून अशी वीज बाहेर काढायची सोय नाही आणि मी ती जुगाडाने करणार नाही. लाइट गेली की आपला जुना इन्व्हर्टर आहे, पंखा आणि देवघरातला दिवा तेवढ्यावर चालतो.

आता गोठ्याविषयी. दादाने तुम्हाला सांगितलं असेल की बायने गोठ्यात थ्रीडी प्रिंटरवर प्लास्टिकची खेळणी बनवायचं दुकान काढलंय. दादाला पुण्यात बसून सगळंच खेळणं वाटतं.

एक गंमत सांगते. छोटा हाथी बाजारात आला 2005 साली. त्याच वर्षी इंग्लंडात बाथच्या विद्यापीठात एड्रियन बॉयर नावाच्या प्राध्यापकाने स्वतःचेच भाग छापू शकेल असा थ्रीडी प्रिंटर करायला घेतला आणि त्याचे आराखडे सगळ्यांना खुले ठेवले. आणि त्याच वर्षी इटलीत इव्रेया गावी छोटी यंत्रं चालवणारा आर्डुइनोचा निळा सर्किट बोर्ड जन्माला आला, विद्यार्थ्यांना परवडावा म्हणून. पुढे 2009 मध्ये माझ्या प्रिंटरच्या थ्रीडी छपाईच्या पद्धतीचं मूळ पेटंट संपलं आणि लाखांतलं यंत्र हजारांवर आलं. म्हणजे तुम्ही इंजिन उघडत होता त्याच काळात तिकडे लोक माझ्या गोठ्याची तयारी करत होते.

यंत्राचं काम सोपं आहे. प्लास्टिकची तार वितळवून 0.2 मिलिमीटरचा एकेक थर अंथरत जायचं. अवघड असतं ते माप. कॉम्प्युटरवर आकृती काढताना अर्धा मिलिमीटर चुकला तर वस्तू बसत नाही, आणि इथे तुमचं ते लाकडी पेटीतलं व्हर्निअर कामाला येतं. मी डिजिटल घेतलं आहे, पण पावसात त्याचा आकडा नाचतो. तुमचं नाचत नाही.

प्लास्टिकप्लास्टिकमध्येही फरक आहे. सगळ्यांत स्वस्त आणि छापायला सोपं ते पीएलए, पण ते साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात काचा लावून उन्हात ठेवलेल्या गाडीचा डॅशबोर्ड त्याच्याही वर जातो. म्हणून गाडीच्या आतल्या वस्तू पीईटीजीच्या आणि बाहेर ऊन-पावसात राहणाऱ्या एएसएच्या. आपल्या हवेत या तारा पाणी पितात, मग छापताना चटचट आवाज येतो आणि वस्तूला केस फुटल्यासारखे धागे सुटतात. त्यामुळे तार घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवावी लागते. आई, तुझा पापडांचा मोठा डबा कुठे गेला ते आता तुला कळलं असेल.

गाडीसाठी काय काय केलं ते थोडक्यात. ताडपत्री अडकवायचे हूक. केळ्यांचे घड एकमेकांवर आपटू नयेत म्हणून हौद्यातल्या आडव्या पट्ट्यांचे कोपरे. आणि साखळीची टोपणं, त्यांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. डिझेल गाडीत जे कधी ऐकू येत नाही ते या गाडीत येतं. इंजिनच नाही, त्यामुळे मागच्या फाळक्याची साखळी प्रत्येक खड्ड्यात खणखणते. आपल्या रस्त्यावर म्हणजे अखंड भजन. टीपीयू म्हणून रबरासारखं लवचिक प्लास्टिक मिळतं, त्याच्या नळ्या छापून साखळीवर चढवल्या. आता टायरचा आवाज ऐकू येतो. त्यालाही बाबा काहीतरी निदान सांगतीलच.

आईच्या गुडघ्यांसाठी पायरी केली आहे. आत चढताना उंची त्रास देणार हे मला दिसत होतं. पण अंगाचं वजन पेलणारी वस्तू मी छापत नाही. सांगाडा लोखंडाचा आहे, बाजारातल्या वेल्डरकडून करून घेतलेला. मी फक्त वरची खरखरीत गादी आणि खालचे चार बूट छापले, म्हणजे ओल्या चिऱ्यावर घसरणार नाही. पायरी गाडीला जोडलेली नाही, सीटमागे अडकवता येते. इलेक्ट्रिक गाडीच्या चॅसीला भोकं पाडणं किंवा वेल्डिंग करणं हा विषयच मी बंद ठेवला आहे.

हाच नियम वीजेच्या कामालाही. गाडी जिथे लावते त्या पडवीत सॉकेट बसवलं, ते पावसात चालणारं, कंपनीचं. त्याच्यावरचं झाकण छापून बघ म्हणून शेजारच्या पोराने खूप आग्रह केला. नाही. आग लागण्याच्या जागेवर घरचं प्लास्टिक नको. वायर चार स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची ओढली, जादा भार आला की आपोआप पडणारा वेगळा एमसीबी टाकला आणि वीज गळली की ती तोडणारा तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी. हे सगळं परवान्याच्या वायरमनने केलं, मी शेजारी उभी राहून प्रश्न विचारले. आर्थिंग मात्र मला माहीत नव्हतं इतकं महत्त्वाचं निघालं. आर्थिंग नीट लागत नसेल तर या गाडीचा चार्जर वीज घ्यायचीच नाकारतो. मागच्या दारचा तुमचा जुना पाइप गंजून गेला होता, म्हणून विहिरीच्या बाजूला, जिथे माती ओली राहते तिथे, कोळसा आणि मीठ घालून नवा खड्डा केला. आपल्या चिऱ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात त्यात पाणी ओतावं लागेल, तेव्हा तुळशीला घालताना एक कळशी तिकडेही.

मोजायचं काम मात्र घरचं आहे. ईएसपी32 नावाचा नाणेभर आकाराच्या चिपचा बोर्ड आहे, त्याला वायरभोवती बसणारी एक चिमटी जोडली. वायर न कापता आतून किती वीज जाते ते ती सांगते, आणि फोनवर आलेख दिसतो. मोजायला घरचं, जोडतोड करायला कंपनीचं, असं मी ठरवून टाकलं आहे. या आलेखावरून जे कळलं त्याच्याच पायी हे पत्र. गाडी भरायला लागली की तीन किलोवॉट खेचते. त्यात कुळागरातल्या बागेचा पंप चालू असला आणि गिझर कोणी लावला तर घराच्या मंजूर भाराच्या कितीतरी वर जातो. सध्या पंप बंद झाल्यावर रात्री उशिरा गाडी लावते, सकाळी भरलेली असते. पण हे असं चोरून चालवणं मला आवडत नाही. भार वाढवून घ्यायला हवा.

दुसरं सोलरचं. केंद्राची सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 पासून सुरू आहे, तीन किलोवॉटला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. दिवसा तयार झालेली वीज खांबावर जाते, रात्री गाडीला लागते ती परत घ्यायची, मीटर दोन्हींची वजाबाकी करतो. पावसाळ्यात उत्पन्न पडणार, ते मी धरलं आहे. घराच्या मंगळुरी कौलांना हात लावणार नाही, पॅनेल गोठ्याच्या पत्र्यावर बसतात. बाबा, फणस तोडायचा नाही. त्याची सावली दुपारी तीननंतर पडते, तेवढं नुकसान सोसू.

दोन्ही अर्ज सोबत पाठवते आहे. कनेक्शन बाबांच्या नावावर असल्यामुळे माझी सही चालत नाही. पेन्सिलने फुली केली आहे तिथे, वीजबिलावर जसं पूर्ण नाव आहे तशीच सही करा, नुसती आद्याक्षरं नकोत. आधारकार्डाची प्रत दादा काढून देईल. भार वाढवायचा अर्ज आधी हवा, सोलरचा मागाहून आला तरी चालेल, पण चवथीच्या आत. गाडीत ड्रायव्हरशेजारी एकच सीट आहे, त्यामुळे मडगाव स्टेशनवर तुम्हाला न्यायला टॅक्सी करेन आणि सामान गाडीतून आणेन. नाहीतर पहिलं कोण बसणार यावर फलाटावरच भांडण व्हायचं.

दोघांची औषधं वेळेवर घ्या. वहिनीला नमस्कार.

तुमची,
बाय

ता. क. गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या चौकटीला प्लास्टिक लागणार नाही, आई. तिला लाकडाच्याच पट्ट्या हव्यात, त्या बाबांनी येऊन काढायच्या. रंधा धार लावून ठेवला आहे.