धरमपेठेसाठी एक दिवस

नागपूर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबरात तुम्ही सगळे येणार, हे वाचून घरात आनंदीआनंद झाला. उतरायचे आमच्याकडेच, हॉटेलचा विषयही काढू नकोस. त्यातला एक दिवस मात्र मी धरमपेठेसाठी आत्ताच मागून घेतो आणि तो पायीच घालवायचा, कारण लक्ष्मीभुवन चौकात गाडीला जागा शोधत बसलो तर निम्मा उत्साह तिथेच संपेल. शंकरनगर चौकापर्यंत मेट्रो आहेच.

सकाळी घरून काही न खाता निघू. वाफवलेल्या मऊ पोह्यांवर काळ्या हरभऱ्यांची लाल तर्री, वर कच्चा कांदा आणि चिवडा, असे तर्रीपोहे गाडीपाशी उभे राहूनच खावेत. मुलांसाठी तर्री बेताची घालायला सांगू.

तिथून गोकुळपेठेचा बाजार. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडी पिकणारी संत्री तेव्हा भरात असतील. नुसत्या रंगावर भुलू नकोस. फळ हातात तोलून पाहा. साल फार फुगलेली आणि फळ हलके लागले, तर आतल्या फोडी कोरड्या निघतात. आकाराच्या मानाने जड लागेल तेच घे. मोठ्या फळाचा हट्टही नको, मध्यम फळ बहुधा जास्त गोड असते. कपडे-चपलांची चकचकीत दुकाने वेस्ट हायकोर्ट रोडवर ओळीने आहेत, पण तशी तुमच्या पुण्यातही आहेत, म्हणून वहिनींना हवे असेल तरच तिकडे वळू.

दुपारी कोथिंबिरीचे सारण ठासून भरलेली गरम सांबारवडी आणि सोबत कढी. सावजीचा आग्रह या भागात धरू नकोस. ते जेवण कोष्टी विणकरांच्या घरांतून आलेले आहे आणि माझ्या मते जुन्या नागपुरात जाऊनच जेवावे. त्यासाठी दुसरा दिवस ठेवू. जेवणानंतर मुले ट्रॅफिक पार्कमध्ये रमतील आणि आपल्याला सावलीत बसून निवांत बोलता येईल.

ऊन उतरले की फुटाळा तलावावर जाऊ. अंबाझरी तलाव मोठा आहे, तिथे उद्यानही आहे. तरीही संध्याकाळसाठी मी फुटाळाच निवडीन, कारण काठावर बसले की सूर्य समोर पाण्यापलीकडे मावळताना दिसतो. भाजलेली कणसे घेऊन अंधार पडेपर्यंत तिथेच बसू. तळ्यावरचा वारा तेव्हा चांगलाच झोंबतो, त्यामुळे मुलांचे स्वेटर विसरू नका.

आरक्षण झाले की गाडी आणि वेळ कळव. स्टेशनवर मी येतो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा स्नेहांकित मित्र