टीचर, भांडं धुऊन ठेवलंय, खरं आधी हे वाचा

टीचर,

तुम्ही फोनवर म्हणालात, "थँक्यू बिंक्यू नको रे, भांडं स्वच्छ धू आणि सावकाश आणून दे, घाई नाही." भांडं धुतलंय. तीनदा धुतलंय. खरं उचलून गाडीवर ठेवायला जीव होईना झालाय, म्हणून आधी हे लिहायला बसलोय, आणि सगळ्यांना दिसेल असंच लिहितोय कारण मागचे चार महिने गल्लीतल्या बायका आईला विचारतायत की तुमच्यात सकाळी सहाला खीमा परतल्याचा वास कसला येतोय, सून आणली काय. सून नाही आणली. स्लो कुकर आणलाय, म्हणजे विजेवर तासन्तास मंद आचेनं शिजवणारं भांडं, तो पण उसना.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, टीचर म्हणजे आमच्या बेळगावच्या कॅम्पातल्या गणिताच्या ट्यूशनच्या टीचर. पाचवी ते दहावी मी अनगोळहून सायकल मारत त्यांच्याकडे जायचो, आणि उत्तर बरोबर असलं तरी पायऱ्या लिहिल्या नाहीत म्हणून अर्धे मार्क कापून घ्यायचो. रिटायर झाल्यावर दोन वर्षं लेकाकडं इंग्लंडला राहून आल्या आणि येताना बाकीचे लोक चॉकलेट आणतात तसं यांनी जड सिरॅमिकच्या भांड्याचा स्लो कुकर कपड्यात गुंडाळून आणला.

जूनमध्ये आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घरात आप्पा, मी, धाकटा, तिघेही चहाच्या पुढं शून्य. ओट्याजवळ उभं राहायचं नाही असं डॉक्टरनी आईला सांगितलेलं, आणि ती पण अशी की खाटेवरून हाका मारून मारून आमच्याकडून आमटी करून घ्यायची, मीठ टाकलास काय, आधी डाळ बघ, गॅस बारीक कर, आणि शेवटी स्वतःच रडायला लागायची. मग एक महिना डबा लावला. डब्याबद्दल जास्त लिहीत नाही, तेल वर आणि डाळ खाली, चौघांचं बिल बघून आप्पांनी चष्मा काढून परत घातला एवढंच.

मग मी शहाणपणा केला. चुलतभावानं अमेरिकेहून आणलेला एक स्लो कुकर त्यांच्या माळ्यावर पडून होता, तो आणला, पिन बदलली आणि लावला. वीस मिनिटांत धूर. तुम्हाला फोन केला तेव्हा तुम्ही हसला नाही, फक्त विचारलं, "बुडाला काय लिहिलंय वाच." १२० व्होल्ट. "आणि आपल्याकडं किती?" २३०. "मग भागाकार कर आणि वर्ग कर." टीचर, रात्री साडेनऊला जळक्या वासात उभं राहून मी २३० भागिले १२० केलं, त्याचा वर्ग केला, साडेतीन पटीच्या वर आलं, म्हणजे २०० वॉटचं यंत्र ७०० च्या वर ओढत होतं बिचारं. उद्यमबागेतल्या कारखान्यात सीएनसी मशीन चालवतो मी, रोज व्होल्टेजची पाटी वाचतो, आणि घरी हे. दुसऱ्या दिवशी तुम्ही रिक्षा करून तुमचा कुकर घेऊन आलात. इंग्लंडमध्ये पण २३० च, फक्त पिना चौकोनी, त्याचा ॲडॉप्टर सुद्धा आणलेला.

आणि सोबत ती वही. वर "बीफ स्ट्यू" लिहिलेलं तुम्ही आधीच एक रेघ मारून खाली "मटण खीमा" केलं होतं, आमच्यात चालत नाही हे मला सांगायला लागलंच नाही. तुम्ही समजावून सांगितलं की तिकडं बीफचा खीमा हे गरिबाचं मटण, चिवट भाग आणि तुकडे बारीक करून विकतात म्हणून स्वस्त पडतंय, त्यात गाजर बटाटे आणि बार्ली घालून एका पाकिटात सगळं घर जेवतंय. आपल्याकडं उलटं, खिम्याला मटणाचाच भाव. म्हणून तुम्ही गणितच बदललं, मटण निम्मं कर आणि निम्म्याच्या जागी अख्खा मसूर घाल. इथं कोल्हापूर सांगलीकडं अख्ख्या मसूरवर ढाबे चालतात, आपल्याला कुणी शिकवायला पाहिजे काय, खरं खिम्यात घालायचं डोकं कुणाचं चाललं नव्हतं. मसूर शिजून खिम्याएवढाच दिसतोय, रंग पण तोच. आप्पांना अजून माहीत नाही. आता कळेल.

पहिल्या रविवारचा हिशेब मी तुम्हाला पाठवलेला, परत लिहितो कारण गल्लीला पण कळू दे. पाव किलो खीमा १९० रुपये, दीडशे ग्रॅम मसूर १४, अर्धा किलो बटाटे १५, पाव किलो गाजर १२, कांदे १५, टोमॅटो १४, तेल तिखट लसूण धरून २०. झाले २८०. चौघांचं दोन वेळचं जेवण, म्हणजे आठ ताटं, ताटाला ३५. तुम्ही उत्तर दिलं, "लाइट कुठं धरलास?" अर्धे मार्क कापले परत.

लाइटचं गणित पण तुम्हीच घातलं. २०० वॉट गुणिले आठ तास, जास्तीत जास्त १.६ युनिट. गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या फुकट लाइटच्या योजनेत, आमच्या मीटरला २०२२-२३ ची सरासरी ९० युनिट आणि वर दहा टक्के, म्हणजे ९९ पर्यंत झिरो बिल. "नऊ युनिट तुझे शिल्लक, आठवड्यातून एकदा लावलास तर महिन्याला साडेसहा, फुकटात बसतंय, दोनदा लावलास तर वरच्याचे पैसे भर." हेस्कॉमच्या, म्हणजे लाइटच्या कंपनीच्या, ऑफिसातल्या माणसाला पण एवढं सरळ सांगता येत नसेल.

आता चुका. त्या लिहिल्याशिवाय थँक्यू पूर्ण होत नाही कारण त्या सगळ्या तुम्ही फोनवर ऐकल्यात, एकदा तर तुमच्या चर्चमधल्या मासच्या वेळेला.

पहिल्यांदा मी खीमा कच्चाच टाकला. यंत्रच शिजवणार आहे म्हटल्यावर परतायचं कशाला, असं माझं डोकं. आठ तासांनी झाकण काढलं तर खिम्याची एक मोठी इडली आणि वर बोटभर चरबी, रंग धुतलेल्या फडक्याचा. तुम्ही सांगितलंत की या भांड्यात पाणी उकळीच्या जवळ जातंय तेवढंच, त्याच्या वर तापत नाही, मग भाजल्याची चव येणार कुठनं, ती कढईतच करून घ्यायची. पाणी आटेपर्यंत परतायचं, आणि आटल्यावर थांबायचं नाही, तळाला तांबूस लागायला लागलं की मग कांदा लसूण आणि घरचं तिखट, आणि शेवटी अर्धी वाटी पाणी टाकून कढईचा तळ खरवडून ते सगळं भांड्यात. त्या खरवडीतच सगळी चव आहे हे आता मी दुसऱ्यांना सांगत फिरतो जसं काय मीच शोधलंय.

दुसरी चूक, झाकण. दर अर्ध्या तासाला बघायचो काय झालंय. तुम्ही म्हणालात एकदा उघडलंस की वीस-तीस मिनिटं वाढली, परीक्षेत दुसऱ्याच्या पेपरात बघतोस तसं बघू नको. तिसरी, पाणी. प्रेशर कुकरच्या अंदाजानं घातलं, इथं वाफ बाहेर जातच नाही म्हटल्यावर सूप झालं, धाकट्यानं ग्लासातून प्यालं. चौथी, बटाटे वर आणि खीमा खाली. गरमी बुडातनं आणि कडेनं येतेय म्हणून कडक भाजी खाली आणि कडेला पाहिजे, हे कळायला कच्चा बटाटा दाताखाली यावा लागला. आणि टोमॅटो आधी टाकला की आंबटानं मसूर आणि बटाटा दोन्ही अडून बसतात, म्हणून टोमॅटो शेवटच्या तासाला. तुम्ही शेवटी एक चमचा व्हिनेगर घालता, आईनं त्या जागी दोन आमसुलं टाकायला लावली, चव तुमची राहिली नाही खरं आमच्या घरची झाली, रागावू नका.

आणि राजमा. हे मी हसण्यावारी नेणार नाही. मसूर संपला होता म्हणून रात्री राजमा भिजवून सकाळी तसाच लो वर टाकला आणि सेकंड शिफ्टला जायच्या आधी मी एकट्यानं एक वाटी खाल्ली, आत जरा कडक लागला तरी खाल्ला. दोन तासांत मशीन सोडून बाथरूममध्ये. घरी फोन करून सगळं ओतून टाकायला सांगितलं म्हणून बाकीचे वाचले. संध्याकाळी तुम्ही शांतपणे सांगितलं की कच्च्या राजम्यात एक विषारी प्रोटीन असतंय, ते खळखळत्या उकळीनं मरतंय, स्लो कुकरच्या मंद आचेनं मरत नाही, म्हणून भिजवलेलं पाणी फेकून नवीन पाण्यात गॅसवर निदान दहा मिनिटं जोरात उकळायचा आणि मगच भांड्यात. लोकहो, हे एक वाक्य तरी लक्षात ठेवा.

लो आणि हाय मधला फरक पण मला आधी वाटायचं बारीक गॅस मोठा गॅस. दोन्ही शेवटी जवळजवळ एकाच तापमानाला पोचतात, लो ला वेळ जास्त लागतोय एवढंच. तेव्हाच तुम्ही सांगितलंत की हे यंत्र काढणाऱ्या अमेरिकेतल्या आयर्व्हिंग नॅक्सन नावाच्या माणसाला १९४० साली पेटंट मिळालेलं, आणि डोक्यात त्याच्या घरातल्या म्हाताऱ्यांची गोष्ट होती, लिथुआनियात शुक्रवारी संध्याकाळी भांडं भटारखान्याच्या भट्टीत ठेवायचे आणि शनिवारी, ज्यू लोकांच्या विश्रांतीच्या दिवशी, चूल न पेटवता गरम जेवायचे. क्रॉक-पॉट नावानं दुकानात आलं १९७१ ला. हे ऐकून आई खाटेवरून म्हणाली, "आमच्या आजीच्या चुलीला वैल होता की, भाकरी खालच्या जाळावर आणि आमटी वैलावर, दुपारपर्यंत कोण बघत पण नव्हतं." त्या दिवशी पहिल्यांदा ती यंत्राकडं जरा नीट बघायला लागली.

खरं टीचर, मला आभार ज्याचे मानायचेत ते वेगळंच आहे. कुकर आणून दिलात त्या दिवशी मी सुरी घेऊन बटाटे चिरायला बसलो तेव्हा तुम्ही माझ्या हातातनं सुरी काढून घेतलीत आणि आईच्या खाटेवर पेपर अंथरून तिच्यासमोर ताट ठेवलंत. म्हणालात, "हात बरे आहेत न्हवे हिचे? गुडघा चिरायला लागत नाही." आणि चिरायचे तुकडे किती मोठे यावरनं तुम्ही दोघी भांडायला लागलात. तेव्हापासून शनिवारी रात्री नऊला आई चिरते, बटाटे पाण्यात घालून फ्रिजमध्ये, खीमा वेगळ्या डब्यात, आणि मी पहाटे परतून भांडं लावून निघतो. दोनला बटण तीच बंद करते. लाइट गेली तर घड्याळ बघून मला फोन करते, दोन तासाच्या आत आली नाही तर धाकटा गॅसवर शिजवून घेतो. मध्ये एकदा मी विचारलं हाका का मारत नाहीस आता, तर म्हणाली मला वेळ कुठाय.

ती आता वॉकर सोडून काठीवर आलीय. ओट्याजवळ दहा मिनिटं उभी राहते. त्यामुळं तुमचं भांडं परत द्यायची वेळ झाली हे मला पण कळतंय.

आप्पा अजून म्हणतात याला आमटी म्हणायचं का रस्सा ते ठरवा, आणि तुमच्या कॅम्पातल्या बेकरीचा पाव बाजूला सारून भाकरीच चुरतात. दोन वाट्या खातात.

येत्या रविवारी तुमचं मास झालं की येतो. आईनं सांगितलंय भांडं रिकामं द्यायचं नाही, म्हणून भरूनच आणतोय, तुमच्यासाठी व्हिनेगर घालून, आमसूल नाही. गाडीवर धाकटा मागे बसून मांडीवर धरणार आहे.

आणि एक, हे तोंडावर सांगायला धीर होईना म्हणून इथं. झाकणाच्या काचेचा कडेचा छोटा टवका उडालाय. राजम्याच्या दिवशी ओतताना आपटलं. खडे बाजारात तसंच झाकण शोधतोय, दोन दुकानात नाही मिळालं. पायरी लिहिलीय, अर्धे मार्क तरी द्या.

तुमचा,
मागच्या बाकावरचा