एपीचे क्रेडिट आणि फीचा हिशेब

मा. संपादक,

बारावीनंतर मुलाला अमेरिकेत पाठवू पाहणाऱ्या गोव्यातल्या घरांत एक हिशेब ठरलेला असतो: एपीच्या (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे शाळेत असतानाच देता येणाऱ्या कॉलेज पातळीच्या) चार परीक्षा द्यायच्या, क्रेडिट (पदवीसाठी मोजले जाणारे अभ्यासाचे एकक) मिळवायचे आणि वर्षाची फी वाचवायची. आपल्याकडे बारावीचे गुण पदवीत जमा होत नाहीत, त्यामुळे या सोयीचे अप्रूप वाटणारच. पण हिशेब नेमका कुठे फसतो, ते आधी पाहायला हवे.

तिथली पदवी साधारण 120 क्रेडिटची, म्हणजे सत्राला 15. एपीच्या एका विषयात 5 पैकी 4 किंवा 5 गुण मिळाले की बऱ्याच ठिकाणी तीन-चार क्रेडिट जमा होतात. कॅल्क्युलस बीसी या गणिताच्या एपी परीक्षेला आठपर्यंत. मात्र अनेक विद्यापीठांत 12 घ्या की 18, सत्राची फी तेवढीच. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर सत्राला किमान 12 क्रेडिट घ्यावेच लागतात. म्हणजे सुट्या चार क्रेडिटने तिथे एक पैही वाचत नाही. अख्खे सत्र कमी झाले तरच वाचते, आणि त्यासाठी ती क्रेडिट पदवीला लागणाऱ्या विषयांचीच हवीत. इंजिनिअरिंगच्या मुलाचे मानसशास्त्राचे क्रेडिट ऐच्छिक विषयांत जाते. तिथली जागा भरलेली असली की ते नुसते गुणपत्रिकेवर उरते.

म्हणून परीक्षेची नोंदणी करण्याआधी विद्यापीठाचा एपी तक्ता उघडावा. किती गुण लागतात, किती क्रेडिट मिळतात हे सगळेच वाचतात. कोणत्या कोर्सच्या बदली मिळतात, हा रकाना मात्र नजरेतून सुटतो. कॅलिफोर्निया विद्यापीठ बहुतेक विषयांत 3 गुणांनाही युनिट (तिथले क्रेडिट) देते, पण त्यातून कोणता कोर्स सुटेल हे त्या-त्या कॅम्पसवर ठरते. डार्टमथ कॉलेजमध्ये एपीला क्रेडिट नाहीच. गुण चांगले असतील तर काही विषयांत थेट वरच्या कोर्सला बसता येते.

गुण आपोआप पोहोचत नाहीत. एपी परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या खात्यात 20 जूनपर्यंत विद्यापीठ निवडले तर एक अहवाल मोफत जातो, नंतर प्रत्येक अहवालाला पैसे पडतात. खात्यातले नाव पासपोर्टप्रमाणेच ठेवा. वडिलांचे नाव एकीकडे आहे, दुसरीकडे नाही, एवढ्यावरही अहवाल अडकू शकतो. निकाल जुलैत लागतो. पहिल्या सत्राचे कोर्स निवडण्याआधी क्रेडिटची नोंद झाली का, हे रजिस्ट्रार कार्यालयाला विचारा. नाहीतर मुलगा तोच कोर्स पुन्हा घेतो आणि एपीचे क्रेडिट सहसा रद्द होते. पुढे विद्यापीठ बदलले तर मूळ अहवाल नव्या ठिकाणी पुन्हा पाठवावा लागतो.

क्रेडिट मिळाले तरी कॅल्क्युलस-1 सोडायचे की नाही, हा निर्णय घाईने घेऊ नये. विभागाची जुनी अंतिम प्रश्नपत्रिका मिळवून घड्याळ लावून सोडवा. निम्मी जरी अडली, तर कोर्स घेतलेला बरा. डॉक्टर होऊ पाहणाऱ्यांनी जास्तच जपावे: तिथली बरीच वैद्यकीय महाविद्यालये जीवशास्त्र, रसायनशास्त्राच्या एपी क्रेडिटवर समाधान मानत नाहीत, वर्गात बसून केलेला कोर्सच मागतात.

– एक शैक्षणिक समुपदेशक, फोंडा