ऐरण म्हणजे टेबल?

महोदय,

शाळेत चित्रांचे तक्ते आले की पालक खूश होतात. आमच्या बालवाडीतल्या तक्त्यावर ‘ऐ’ ऐरणीचा. मुलांना विचारलं, हे काय? सगळी एका सुरात म्हणाली, ‘टेबल!’ त्यांची चूक नाही. लोहाराचा भाता गावातून गेला त्याला जमाना झाला. ‘औ’ औताचा, ‘उ’ उखळाचा, तीच गत. त्याच तक्त्यावर फणस आणि सीताफळ एकाच मापाचे. एका चिमुरडीने बाजारात सीताफळाचा ढीग पाहून आईला सांगितलं, ‘बघ, फणसाची पिल्लं!’ (मला तर हा शब्द आवडला.)

चित्र नको, असं मुळीच नाही. पण ते मुलाच्या पाहण्यातलं तरी हवं, नाहीतर शेजारी खरी वस्तू ठेवावी. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघरकडच्या बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी पानं, बिया, शंख-शिंपले हेच साहित्य मानलं, तेही 1945 नंतरच्या काळात. आज मात्र चकचकीत तक्ता भिंतीवर इतका उंच टांगतात, की चार वर्षांच्या पोराचा हात पोचत नाही.

मी हल्ली पिशवीत लिंबू, चमचा, कुलूप, शेंग असं काहीबाही घालून नेते. मुलं डोळे मिटून चाचपतात, वास घेतात, नाव सांगतात, मग चित्र काढतात. तक्ते छापणाऱ्यांनी निदान ‘ऐ’साठी ‘ऐनक’ घ्यायला काय हरकत आहे? आजोबांचा चष्मा घरोघरी असतो. अर्थात, ‘ऐनक’ तरी आता कोण म्हणतं म्हणा!

– एक निवृत्त शिक्षिका, सांगली