पगाराचा आकडा सांगत जा

दापोली

चि. मुग्धा,
अनेक आशीर्वाद.

शेजारच्या टेबलावरच्या मुलाला तुझ्यापेक्षा बराच जास्त पगार असावा, पण विचारायचं कसं, असं तू परवा फोनवर म्हणालीस. विचार. फक्त आधी स्वतःचा आकडा सांग. आपला सांगितला की समोरचा मोकळा होतो. नुसतं विचारलं तर त्याला त्या चौकश्या वाटतात.

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ हे ऐकतच तू वाढलीस. आजीच्या काळी त्यात तथ्य होतं. चार पैसे गाठीला आहेत असं गावात कळलं की उसने मागणारे दारात उभे. पण नोकरीत मूठ झाकून कुणाचं भलं होतं ते बघ. सगळ्यांचे पगार कंपनीला ठाऊक, तुम्हाला मात्र एकमेकांचे ठाऊक नाहीत. मग पगारवाढीच्या वेळी तू कशाच्या जोरावर बोलणार?

वाशीच्या बाजारात हापूसचा सौदा रुमालाखाली व्हायचा. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाआड बोटं धरून भाव ठरवायचे. आम्हा बागायतदारांच्या हाती यायची ती पट्टी: भाडं, हमाली, दलाली वजा करून उरलेली रक्कम. एका मोसमात शेजारच्या अण्णांनी आणि मी आमच्या पट्ट्या ओटीवर शेजारी-शेजारी ठेवल्या. एकाच दिवशी एकाच ट्रकने गेलेल्या पाच डझनी पेट्या, फळही सारखंच, तरी माझा भाव कमी लागलेला. दलालाला फोन करून अण्णांचा भाव सांगितला. आवाजही चढवावा लागला नाही, पुढच्या पट्टीला भाव सुधारून आला. आणि हर्णैला बघ, मासळीचा लिलाव उघड्या किनाऱ्यावर चालतो. सुरमई कितीला गेली ते टोपली घेऊन उभ्या असलेल्या प्रत्येक बाईच्या कानावर पडतं. तिथे दर पडले तरी कुणी कुणाला अंधारात ठेवू शकत नाही.

एकाच कामासाठी बाईला पुरुषापेक्षा कमी पगार देता येणार नाही, हे १९७६ सालीच कायद्याने ठरलं. पण त्याला किती मिळतात हेच तुला माहीत नसेल तर तो कायदा तुझ्या काय कामाचा?

तुलना करताना सीटीसीवर, म्हणजे तुझ्यावर कंपनीचा वर्षाला होणारा एकूण खर्च दाखवणाऱ्या आकड्यावर, जाऊ नकोस. त्यात पीएफमधला कंपनीचा वाटा धरलेला असतो, बऱ्याचदा ग्रॅच्युइटीही. मूळ पगार किती, हातात किती येतात आणि बोनस खात्रीचा आहे का, एवढं विचार. त्याचा अनुभव जास्त असेल तर फरक रास्त आहे, मनात अढी धरू नकोस. पगार गुप्त ठेवण्याची अट नेमणूकपत्रात आहे का, तेही आधी वाचून घे.

मैत्रिणींबरोबर गोव्याला गेलीस, त्याचं मला काही नाही. पण तो खर्च क्रेडिट कार्डावर टाकून आता नुसती किमान रक्कम भरते आहेस, हे ऐकून मला झोप लागली नाही. बऱ्याच कार्डांचं व्याज वर्षाला ३६ टक्क्यांच्या वर जातं. पुढच्या वेळी सरळ सांग, ‘या महिन्यात माझ्याकडे एवढे पैसे नाहीत.’ त्यांच्यातही एखादी तुझ्यासारखीच ओढून-ताणून खर्च करणारी असेल, तिला हायसं वाटेल. पिन आणि ओटीपी मात्र जिवलग मैत्रिणीलाही द्यायचा नाही.

आता घरचं सांगतो, तुला हे आजवर कुणी सांगितलेलं नाही. बागेवर गावच्या सहकारी सोसायटीचं १ लाख ६० हजारांचं पीककर्ज आहे. ताईच्या लग्नाचं कर्ज फिटलं. ठेवी दोन बँकांत विभागून ठेवल्या आहेत, कारण एका बँकेत ५ लाखांपर्यंतच्याच ठेवीला विमा असतो. दोन्हीकडे नॉमिनी तुझी आई आहे. पावत्या कपाटात, सातबाऱ्याच्या उताऱ्यांखाली. गणपतीला येशील तेव्हा सगळे कागद दाखवतो. तुझ्या कार्डाचं बिलही घेऊन ये, किती बाकी आहे ते दोघं मिळून बघू.

तुझे
बाबा