ताळेबंद भिंतीवर, मोटर ऑटोवर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वैनगंगा–नळगंगा नदीजोडची बातमी आली की आमच्या पारावर पहिला प्रश्न ठरलेला : "कालवा आपल्या शिवारातून जाते का बाप्पा?" गोसेखुर्द धरणातून निघणारा सव्वाचारशे किलोमीटरचा तो कालवा व्हावा असं मलाही वाटतं. पण आहे ते पाणी आम्ही कसं वापरतो, तेही एकदा छापून यावं. दुसऱ्याचं कशाला, माझंच सांगतो.

वरूड तालुक्यात माझी सव्वातीन एकर संत्राबाग आहे. वीस बाय वीस फुटांवर ३५० झाडं, आंबिया बहार म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाशी धरायचा फुलोरा. डिसेंबरात पाणी बंद करून झाडाला ताण द्यायचा, जानेवारीत पाणी देऊन तो तोडायचा. मग पाऊस लागेपर्यंत पाण्याला खंड चालत नाही, फळगळ होते. मे महिन्यात मी झाडाला रोज १२० लिटर देतो. अटल भूजल योजनेत गावाचा पाण्याचा ताळेबंद, म्हणजे पाणी येतं किती नि वापरतो किती याचा हिशेब, मांडायला बसलो, तेव्हा नातीनं वहीवर गुणाकार केला : ४२ हजार लिटर. जलजीवन मिशन माणशी रोज ५५ लिटर धरतं. म्हणजे साडेसातशे माणसांचं पाणी माझी एकट्याची बाग पिते! मी वही मिटून ठेवली.

२०१९ च्या उन्हाळ्यात झाडं वाळायला लागली तेव्हा मीही बोअरची गाडी बोलावली. भूजल कायदा खोलीची मर्यादा ६० मीटर म्हणतो, म्हणजे दोनशे फूट. हे मला माहीत होतं, गाडीवाल्यालाही. पहाटे तीनला ७२० फुटांवर पाणी लागलं. पंधरवड्यात शेजाऱ्याची विहीर आटली. तो काही बोलला नाही. पुढच्या महिन्यात त्यानं स्वतःचा बोअर ८०० फूट नेला. आमच्या आजोबांची मोट चाळीस फुटांवरच्या पाण्यावर चालायची, ती विहीर आता कडबा ठेवायच्या कामी येते.

२०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाचं बिल माफ झालं. शेतकऱ्याला त्याचा आधार आहेच, नाही म्हणणार नाही. पण स्टार्टरला ऑटो लावला की लाइन आली की मोटर सुरू, लाइन गेली की बंद. मध्यरात्री उठून कॉक कोण फिरवणार? सकाळी धुऱ्याच्या नालीतून पाणी वाहताना मी स्वतः पाहिलं आहे, माझ्याच वावरातलं. या वर्षी ऑटो काढला, झाडाखाली सोयाबीनच्या कुटाराचं आच्छादन टाकलं. आता ९५ लिटरवर भागतं, फळ तेवढंच आहे.

माझी मागणी एवढीच : कालव्याची वाट पाहताना प्रत्येक बोअरला मीटर लावा आणि रीडिंग ग्रामसभेत वाचा. दंड नंतर पाहू. सुरुवात माझ्या बोअरपासून करा. रीडिंग ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या ताळेबंदात लिहायला जागाही आहे. पावसाची ओळ दोन वर्षांपासून कोरीच आहे.

— एक संत्रा बागायतदार, ता. वरूड, जि. अमरावती