तक्रार पत्र: लेखी सूचना डावलून आमच्या नावाने विनाअट बोली लावल्याबद्दल

दिनांक: २२ एप्रिल २०२५

प्रति,
मा. संचालक,
गृहखरेदी सल्ला व प्रतिनिधित्व विभाग

विषय: हारलेम येथील रो-हाउससाठी आमच्या संमतीशिवाय विनाअट बोली देणे, त्याची माहिती दडवणे आणि न झालेल्या खरेदीचे बिल पाठवणे.

महोदय,

नेदरलँड्समधील हारलेम शहराच्या पूर्व भागातील एका जुन्या रो-हाउसच्या खरेदीसाठी आम्ही पती-पत्नींनी आपल्या संस्थेची खरेदीदाराचे मकेलार, म्हणजे घरखरेदीतील दलाल व प्रतिनिधी, म्हणून नेमणूक केली होती. १८ मार्च २०२५ रोजी आपल्या सल्लागारांनी त्या घरासाठी आमच्या नावाने बोली दिली. ती देताना आम्ही लेखी कळवलेल्या दोन्ही अटी त्यांनी परस्पर वगळल्या आणि बोली स्वीकारली गेल्यानंतरही आम्हाला त्याबद्दल काही सांगितले नाही. याच कारणाने पुढे तो व्यवहार होऊ शकला नाही. असे असताना खरेदी पूर्ण झाल्यासारखे गृहीत धरून आपण आम्हाला संपूर्ण दलालीचे बिल पाठवले आहे. हे बिल आम्हाला मान्य नाही. झालेल्या प्रकाराबद्दल आम्ही आपल्याकडे औपचारिक तक्रार नोंदवत आहोत.

पहिल्या भेटीपासूनचा आमचा आपल्याशी सर्व संवाद मराठीतच झाला असल्याने हे पत्रही मराठीत लिहिले आहे. त्याची डच प्रत सोबत जोडली आहे. अॅम्स्टलव्हेन आणि आसपासच्या मराठी कुटुंबांमध्ये आपल्या संस्थेचे नाव विश्वासाने घेतले जाते आणि त्याच विश्वासाने आम्ही आपल्याकडे आलो होतो. परक्या देशात, परक्या भाषेतल्या कायद्याच्या कागदांवर सही करून आयुष्यातले सर्वांत मोठे कर्ज घेताना आपल्या बाजूने बोलणारे कोणीतरी असावे, एवढ्याचसाठी खरेदीदार स्वतंत्र मकेलार नेमतो. विक्रेत्याचा मकेलार विक्रेत्याचे हित पाहतो, याबद्दल आमची काहीच तक्रार नाही. आमची तक्रार आहे ती आमचे हित पाहण्यासाठी ज्यांना आम्ही नेमले, त्यांच्या वागण्याबद्दल.

हारलेममध्ये घर मिळवणे किती कठीण आहे याची आम्हाला पूर्ण कल्पना आहे. अॅमस्टरडॅमपासून रेल्वेने पाव तासाच्या अंतरावर असलेल्या या शहरात परवडणारे रो-हाउस फंडा या घरविक्रीच्या संकेतस्थळावर आले की पाहणीच्या वेळा लगेच भरतात, प्रत्येक कुटुंबाला घर पाहायला जेमतेम वीस मिनिटे मिळतात आणि त्यानंतर ठरलेल्या मुदतीपर्यंत बंद बोली मागवली जाते. जाहिरातीतली किंमत ही फक्त बोली लावण्याचे आमंत्रण असते, आणि इतरांनी काय बोली लावली हे कोणालाच दिसत नाही. या पद्धतीत अनुभवी माणसाचा सल्ला मोलाचा असतो, आणि त्यासाठी पैसे मोजायला आमची कधीच ना नव्हती.

मात्र रकमेबाबत मिळालेला सल्लाच अपुरा होता. ४,९५,००० युरो मागणी असलेल्या या घरासाठी आपल्या सल्लागारांनी ५,३१,००० युरोची बोली सुचवली. आम्ही दोघेही पस्तिशीच्या आतले आहोत, हे घर आम्हाला स्वतः राहण्यासाठी हवे होते आणि पहिल्या घराची करसवलत आम्ही यापूर्वी कधीही घेतलेली नाही, ही सर्व माहिती आपल्या नोंदणी अर्जातच आहे. २०२५ मध्ये ५,२५,००० युरोपर्यंतच्या घरासाठी अशा खरेदीदाराला हस्तांतर कर, म्हणजे घर नावावर होताना भरायचा कर, पूर्ण माफ आहे. घराची किंमत त्या मर्यादेच्या एका युरोनेही वर गेली, तर सवलत अंशतः कमी न होता संपूर्णच जाते आणि सगळ्या रकमेवर दोन टक्के कर बसतो. म्हणजे सहा हजार युरो जास्त बोलण्याची आम्हाला प्रत्यक्ष पडणारी किंमत १६,६२० युरो होती. त्यातले कराचे १०,६२० युरो बँकेच्या कर्जातून देता आले नसते, कारण ऊर्जाबचतीच्या कामांचा अपवाद वगळता येथे घराच्या मूल्यांकनाच्या शंभर टक्क्यांपेक्षा जास्त कर्ज मिळत नाही. ही साधी आकडेमोड आम्हाला आमच्या गृहकर्ज सल्लागाराने करून दाखवली. ती आपल्या सल्लागारांकडून यायला हवी होती.

त्यानंतर १७ मार्चच्या संध्याकाळी आम्ही आपल्या सल्लागारांना ईमेलने अंतिम सूचना पाठवली. बोली ५,२५,००० युरोची असेल. ती गृहकर्ज मंजूर होण्याच्या अटीवर आणि घराच्या पायाची तज्ज्ञांकडून तपासणी होण्याच्या अटीवर दिली जाईल. आणि या तिन्हींपैकी कशातही बदल करायचा असल्यास आधी आमची लेखी संमती घ्यावी, असे त्यात स्पष्ट शब्दांत लिहिले होते. आपल्या सल्लागारांनी त्याच रात्री ‘मिळाले, उद्या सकाळी देतो’ असे उत्तर पाठवले. दोन्ही ईमेल सोबत जोडले आहेत.

पायाच्या अटीवर आम्ही इतके अडून का बसलो, हे आपल्याला समजावून सांगण्याची वेळ आमच्यावर यायला नको होती. हारलेमचा जुना गाभा समुद्रकाठच्या प्राचीन वाळूच्या पट्ट्यावर उभा आहे, परंतु स्पार्ने नदीच्या पूर्वेकडच्या कामगार वस्त्या मऊ पीट (कुजलेल्या वनस्पतींची माती) आणि चिकणमातीच्या जमिनीवर वसल्या आणि तिथल्या शंभर वर्षांच्या घरांचा भार जमिनीत ठोकलेल्या लाकडी खांबांवर आहे. हे खांब भूजलाखाली बुडालेले असेपर्यंत पिढ्यानपिढ्या टिकतात. पाणी खाली जाऊन त्यांची डोकी उघडी पडली की बुरशी लाकूड पोखरू लागते, आणि पाइनच्या लाकडाला तर पाण्याखालीही जिवाणूंचा उपद्रव होतो. २०१८ च्या उन्हाळ्यातील अवर्षणानंतर या विषयाची देशभर चर्चा झाली आहे. घर पाहताना मागच्या खोलीतील खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर गेलेली भेग आम्ही दोघांनीही पाहिली आणि आपल्या सल्लागारांना तिथेच दाखवली. विक्रीच्या माहितीपत्रकात पायाची कोणतीही तपासणी झालेली नसल्याचे नमूद होते.

त्यात हे रो-हाउस. स्वतंत्र बंगल्याचा पाया मालकाला आपल्या मर्जीने दुरुस्त करता येतो, पण ओळीतल्या घरांच्या सामाईक भिंतीखाली खांबांची एकच रांग दोन्ही बाजूंच्या घरांचा भार पेलत असते. त्यामुळे दुरुस्ती बहुधा शेजाऱ्यांसोबत मिळूनच करावी लागते, आणि शेजारच्या कुटुंबाकडे पैसे नसतील किंवा त्यांची तयारी नसेल तर काम वर्षानुवर्षे रखडते. एका घराच्या वाट्याचा खर्च एक लाख युरोच्या घरात जाऊ शकतो. शिवाय इतक्या जुन्या घराच्या करारात वयाचे कलम असते, तसे ते या मसुद्यातही होते. त्यानुसार घराच्या वयाला साजेसे दोष खरेदीदाराने पत्करायचे असतात. खरेदीदाराने स्वतः चौकशी करून घ्यावी अशी डच कायद्याची अपेक्षा असताना त्या चौकशीला करारात जागाच न ठेवणे, हे त्याच्या प्रतिनिधीचे काम असू शकत नाही.

बोली स्वीकारल्याचा फोन आपल्या सल्लागारांकडून आला तेव्हा त्यांनी आमचे अभिनंदन केले, अटींबद्दल चकार शब्द काढला नाही. खरेदीकराराचा मसुदा हाती आल्यावर तो आम्ही सहीपूर्वी ओळ न् ओळ वाचला, आणि करार रद्द करण्याच्या अटींचा संपूर्ण भाग त्यात खोडलेला दिसला. आम्ही थेट विक्रेत्याच्या मकेलारकडे विचारणा केली. १ जानेवारी २०२३ पासून मकेलारांच्या संघटनांनी आपल्या सदस्यांना प्रत्येक बोलीची नोंद ठेवणे बंधनकारक केले आहे. त्या नोंदीतील आमच्या बोलीचा भाग त्यांनी आम्हाला पाठवला. त्यात रक्कम ५,२५,००० युरो होती आणि अटींपुढे ‘नाहीत’ असे लिहिले होते. रक्कम वाढवायला आम्ही नकार दिला, तेव्हा बोली आकर्षक दिसावी म्हणून आपल्या सल्लागारांनी आमचे संरक्षणच काढून घेतले, एवढाच याचा अर्थ आम्हाला लागतो.

यावर आपल्या सल्लागारांनी फोनवर दिलेले स्पष्टीकरण आम्हाला अधिक क्लेशदायक वाटले. हारलेममध्ये अटी घालून कोणालाही घर मिळत नाही, आता सही करून टाका, कायद्याने विचारासाठी तीन दिवस मिळतातच, असे ते म्हणाले. ते तीन दिवस खरेदीदाराचा हक्क आहेत हे खरे, पण तेवढ्या अवधीत पायाची तपासणी होत नाही. त्यासाठी खड्डा खणून खांबांची डोकी उघडी करावी लागतात, लाकडाचे नमुने प्रयोगशाळेत पाठवावे लागतात आणि अहवाल यायला काही आठवडे जातात. बँकेची कर्जमंजुरीही तीन दिवसांत येत नाही. ते दिवस उलटल्यावर काही विपरीत निघाले असते आणि आम्ही मागे फिरलो असतो, तर प्रचलित करारानुसार किमतीच्या दहा टक्के, म्हणजे ५२,५०० युरो दंड आम्हाला भरावा लागला असता. बाजार कितीही तापलेला असला तरी ही जोखीम घ्यायची की नाही, हे ठरवण्याचा अधिकार फक्त आमचा होता. आपल्या सल्लागारांनी आम्हाला विचारले असते आणि आम्ही नाही म्हटले असते, तर घर हातचे गेले असते आणि ते आम्ही समजून घेतले असते.

दोन्ही अटी करारात घालाव्यात अशी विनंती आम्ही विक्रेत्यांना केली. विनाअट बोली स्वीकारलेल्या विक्रेत्यांनी ती नाकारली, यात त्यांचा दोष नाही. आम्ही सही केली नाही आणि ते घर दुसऱ्या कुटुंबाला गेले. त्या घराच्या मागच्या अंगणात माझ्या सासूबाईंसाठी तुळस कुठे लावायची इथपर्यंत आमचे बोलणे झाले होते. त्या निराशेची भरपाई आम्ही आपल्याकडे मागत नाही, पण हा प्रकार केवळ कागदोपत्री चूक म्हणून नोंदवला जाऊ नये एवढी अपेक्षा आहे.

यानंतर आलेल्या आपल्या बिलात, ‘तोंडी सहमती झाल्यामुळे’ पूर्ण दलाली देय असल्याचे म्हटले आहे. नेदरलँड्सच्या नागरी संहितेच्या सातव्या भागातील कलम २ नुसार, स्वतःसाठी राहते घर घेणाऱ्या ग्राहकाची खरेदी लेखीच व्हावी लागते. १ सप्टेंबर २००३ पासून हा नियम लागू आहे. सही झाली नाही, म्हणजे खरेदी झाली नाही, आणि आपल्याशी झालेल्या आमच्या करारानुसार दलाली खरेदी झाल्यावरच देय होते. याच संहितेच्या सातव्या भागातील कलम ४०१, ४०२ आणि ४०३ नुसार काम स्वीकारणाऱ्याने योग्य ती काळजी घेणे, ग्राहकाच्या वेळेत दिलेल्या रास्त सूचना पाळणे आणि कामाची माहिती त्याला देत राहणे अपेक्षित आहे. या प्रकरणात तिन्ही कर्तव्यांचा भंग झाला आहे असे आमचे ठाम मत आहे.

म्हणून आमची पहिली मागणी अशी की, दलालीचे बिल पूर्णपणे रद्द करून तसे आम्हाला लेखी कळवावे आणि नोंदणीच्या वेळी घेतलेले सुरुवातीचे शुल्क परत करावे, कारण ज्या कामासाठी ते दिले होते तेच काम आमच्या विरोधात केले गेले. अटी कोणी, केव्हा आणि कोणाच्या परवानगीने वगळल्या, याचा लेखी खुलासा आम्हाला हवा आहे. तो संबंधित सल्लागारांचा नसून संस्थेचा असावा. आमच्या प्रकरणासंबंधी विक्रेत्याच्या मकेलारशी झालेल्या आपल्या संपूर्ण पत्रव्यवहाराची प्रतही द्यावी. याशिवाय, यापुढे कोणत्याही ग्राहकाची बोली पाठवण्यापूर्वी तिची रक्कम आणि अटी यांवर त्याची लेखी मंजुरी घेतली जाईल, अशी व्यवस्था आपल्याकडे करावी. ही शेवटची मागणी आमच्यासाठी नाही. आमच्यानंतर आपल्याकडे येणाऱ्यांपैकी अनेकांना डच मसुदा स्वतः वाचता येणार नाही आणि ते सर्वस्वी आपल्या शब्दावर विसंबून असतील.

२००१ पासून या देशात मकेलार ही उपाधी कायद्याने संरक्षित राहिलेली नाही, त्यामुळे ग्राहकाला आधार उरतो तो व्यावसायिक संघटनेच्या सदस्यत्वाचा आणि तिच्या आचारसंहितेचा. आपले ते सदस्यत्व पाहूनच आम्ही आपली निवड केली होती. हे पत्र मिळाल्यापासून तीन आठवड्यांत आपले समाधानकारक लेखी उत्तर न आल्यास आम्ही ही तक्रार सर्व कागदपत्रांसह आपल्या संघटनेकडे आणि त्यानंतर हेग येथील तंटा निवारण मंडळाकडे, म्हणजेच गेस्खिलेनकॉमिसीकडे नेऊ. तोपर्यंत बिलाची रक्कम वादग्रस्त म्हणून नोंदवावी आणि तिच्या वसुलीसाठी कोणतीही नोटीस पाठवू नये किंवा ती वसुली संस्थेकडे सोपवू नये.

शुल्काचा परतावा ज्या खात्यातून ते भरले होते त्याच खात्यात जमा करावा. यापुढचा सर्व व्यवहार लेखीच व्हावा. या विषयावर फोनवर बोलण्यास आम्ही तयार नाही.

आपली विश्वासू,
(स्वाक्षरी)
स्वतः व पतीच्या वतीने